दाखले पुष्कळ, शिफारस नाही

गेल्या श्रावणातील एका दुपारी, पाऊस थोडा उघडला असताना, एटापल्ली तालुक्यातील एका लहानशा खेड्यातून शिकण्यासाठी बाहेर पडलेली आणि नुकतीच सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली एक विद्यार्थिनी माझ्या घरी आली. तीस वर्षे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे, आणि निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवर अर्ज घेऊन येण्याचा विद्यार्थ्यांचा शिरस्ता आमच्याकडे अजून मोडलेला नाही. तिच्या हातात प्लॅस्टिकची एक फुगलेली फाईल होती. "संशोधनाला अर्ज करायचा आहे, सर. सगळे कागद आणले आहेत, एकही सुटला नाही," असे म्हणून तिने ते एकेक करून सतरंजीवर मांडले: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन साक्षांकित प्रती. तहसील कचेरीपासून महाविद्यालयाच्या दफ्तरापर्यंत किती खेपा घातल्यावर ही फाईल सिद्ध झाली असेल, याची मला कल्पना होती.

नंतर मी ज्या संस्थेत तिला प्रवेश हवा होता त्या संस्थेचा अर्ज वाचला. त्यात तीन गोष्टी मागितल्या होत्या. संशोधन का करावयाचे आहे व कोणते, याचे स्वतःच्या शब्दांत लिहिलेले निवेदन. जवळून काम पाहिलेल्या तीन व्यक्तींची शिफारसपत्रे. आणि निवड झाल्यास मुलाखतीस हजर राहण्याची तयारी. त्या फुगलेल्या फाईलमध्ये या तिहींपैकी एकही गोष्ट नव्हती, आणि त्यांची तयारी करावी लागते हे सतरा वर्षांच्या तिच्या शिक्षणात कोणीही तिला सांगितले नव्हते. ती कोठली, कोणत्या जमातीची, किती उत्पन्नाच्या घरातली, हे सांगणारे कागद शासनाने तिच्याकडून वेळोवेळी घेतले होते; तिची बुद्धी कशी चालते हे सांगणारा एक ओळीचा कागद मात्र कोणी तिला दिला नव्हता.

जैववैद्यकीय संशोधनाच्या प्रवेशाची रीत वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाहून मुळातच निराळी आहे, आणि आमच्या भागातील पालकांना, किंबहुना अनेक प्राध्यापकांनाही, ती परिचित नसते. नीटसारख्या परीक्षेत गुण मिळाले की गुणवत्ता यादीच पुढचे काम करते. संशोधनाच्या दारात मात्र परीक्षा ही केवळ पहिली पायरी असते. आपल्याकडे विद्यावेतनासाठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.ची नेट आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची स्वतंत्र परीक्षा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्यासाठी जीवशास्त्राची संयुक्त प्रवेश परीक्षा आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधनालय, हैदराबादचे पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्र, या संस्थांत लेखी गुणांनंतर उमेदवार चार-पाच शास्त्रज्ञांपुढे बसतो, आणि तेथे त्याचे भवितव्य पाऊण तासात ठरते. अमेरिकेतील विद्यापीठांची पद्धत तर आणखी वेगळी: अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या आरंभी संपते, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, उमेदवाराने आपला निर्णय 15 एप्रिलपर्यंत कळवावयाचा असतो, आणि प्रवेश मिळाल्यावर शिक्षणशुल्क माफ होऊन उदरनिर्वाहापुरते वेतनही मिळते. पूर्वी तेथे जी.आर.ई. नावाची परीक्षा सक्तीची होती. जैववैद्यकीय शाखांतील बहुसंख्य विभागांनी ती गेल्या काही वर्षांत काढून टाकली. परिणामी निवेदन, शिफारस आणि मुलाखत या तीन गोष्टींचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे, आणि नेमक्या याच तीन गोष्टी अशा आहेत की ज्या पुस्तकातून शिकता येत नाहीत, कोणीतरी शेजारी बसून सांगाव्या लागतात.

निवेदनाचेच पाहा. त्या मुलीने वहीत लिहून आणलेल्या पहिल्या मसुद्याचा आरंभ "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" असा होता, आणि पुढील दोन पाने समाजसेवा, राष्ट्राची प्रगती, आईवडिलांचे स्वप्न अशा शब्दांनी भरली होती. त्यातील एकही वाक्य खोटे नव्हते. पण एकही वाक्य तिचे नव्हते. मी तिला विचारले की तू आजवर स्वतःच्या हाताने कोणते काम केलेस. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग संकोचाने म्हणाली की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ती आपल्याच तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेल तपासणीच्या शिबिरांना जात असे. तेथील सोल्युबिलिटी चाचणी तिने इतकी तपशीलवार सांगितली की मी हातातील पेन खाली ठेवले. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात टाकायचा, पाच मिनिटे थांबायचे, आणि नळीमागे काळ्या रेषा आखलेला कागद धरायचा. रेषा स्वच्छ दिसल्या तर चाचणी नकारार्थी, द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजून पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवायचे. इतके सांगून ती सहज म्हणाली, "पण सर, एका बाईची नळी स्वच्छ होती, रेषा दिसत होत्या, आणि तिच्या दोन्ही पोरी एएस, म्हणजे वाहक, निघाल्या. नवरा तर नॉर्मल. मग मी तिचा हात पाहिला, तळवा अगदी पांढरा होता."

ज्या स्त्रीच्या अंगात मुळात रक्तच कमी आहे तिच्या थेंबात द्रावण गढूळ करण्याइतके हिमोग्लोबिन नसू शकते, आणि म्हणून ती वाहक असूनही चाचणी तिला निर्दोष ठरवू शकते, हे त्या मुलीने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. नळी, मुली आणि तळवा या तीन गोष्टी एका ओळीत ठेवून तिने ते स्वतः ताडले होते. ज्या भागात पंडुरोग आणि सिकलसेल हे दोन्ही एकाच घरात नांदतात, तेथे ही शंका क्षुल्लक नाही. संशोधन म्हणतात ते हेच, आणि नेमके हेच तिने अर्जातून वगळले होते, कारण आरोग्य केंद्राच्या पडवीत केलेले काम विज्ञानाच्या अर्जात लिहिण्याजोगे असते असे तिला कधी वाटलेच नव्हते.

आपल्या मराठी समाजात अशा निवेदनाची परंपरा नाही असे कोणी म्हणेल तर मी त्याला एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पत्राची आठवण करून देईन. जून 1883 मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्या पत्रात त्यांनी आपली तयारी कोठे अपुरी आहे हे लपवले नाही. स्वकीयांचा व जातीचा विरोध पत्करून आपण कशासाठी आलो आहोत, आणि स्वदेशातील कोणत्या स्त्रियांना पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगता येत नाही म्हणून ही विद्या हवी आहे, एवढे मात्र निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्यांना प्रवेश मिळाला, आणि 11 मार्च 1886 रोजी त्या पदवीधर झाल्या. उणीव मान्य करणारा, प्रयोजन स्पष्ट मांडणारा आणि आपल्या माणसांच्या व्याधीपासून आरंभ करणारा तो अर्ज आजही आदर्श ठरावा. एटापल्लीच्या मुलीला मी एवढेच सांगितले की आवडीविषयी एकही वाक्य लिहू नकोस. ती नळी, त्या दोन पोरी आणि तो पांढरा तळवा यांपासून आरंभ कर.

दुसरी गोष्ट शिफारसपत्राची, आणि येथे दोष विद्यार्थ्यांचा नसून आम्हा शिक्षकांचा आहे, हे मला कबूल केले पाहिजे. आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थी पत्र मागावयास आला की आम्ही त्यास जे लिहून देतो तो वस्तुतः चारित्र्याचा दाखला असतो: हा विद्यार्थी नियमित आहे, आज्ञाधारक आहे, त्याची वर्तणूक समाधानकारक आहे, त्यास आमच्या शुभेच्छा आहेत. असली पत्रे मीही वर्षानुवर्षे लिहिली, आणि ती लिहिताना आपण एका हुशार मुलाचे दार आतून लावून घेत आहोत याची मला जाणीव नव्हती. निवड समितीला आज्ञाधारकपणात रस नसतो. तिला हवे असते ते एवढेच, की एखादा प्रयोग फसला तेव्हा या उमेदवाराने काय केले, चुकीचे निष्कर्ष त्याने स्वतःहून दाखवले की झाकले, वर्गातील इतरांना न सुचलेला प्रश्न त्याने कधी विचारला, आणि पत्र लिहिणाऱ्याने हे प्रत्यक्ष पाहिले आहे काय. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यास अशी पत्रे मिळतात, कारण त्याच्या शिक्षकानेही कधीतरी तशीच पत्रे मागितलेली असतात. आमच्याकडे ही साखळी अद्याप सुरूच झालेली नाही. उन्हाळ्याच्या सुटीत संशोधन प्रयोगशाळांत काम करण्यासाठी विज्ञान अकादमींची शिष्यवृत्ती असते, आणि दोन महिन्यांच्या त्या कामातून एक जाणता शिफारसकर्ता लाभू शकतो, हेही सूचनाफलकावर क्वचितच लागते.

त्या विद्यार्थिनीला तिच्या विभागातील दोन शिक्षकांनी पत्रे दिली, आणि तिच्या सांगण्यावरून त्यांनी तपशीलवार दिली. तिसरे पत्र कोणाचे घ्यावे हा प्रश्न उरला. तिने मोठ्या माणसांची नावे सुचवली: एका संस्थेचे पदाधिकारी, एक लोकप्रतिनिधी, एक निवृत्त अधिकारी. त्यांपैकी कोणीही तिचे काम पाहिले नव्हते. अखेर ते पत्र आरोग्य केंद्राच्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहिले, कारण दोन पावसाळे ती चिखलातून शिबिराला येते आणि संशयित नळीची नोंद वहीत वेगळ्या पानावर ठेवते, हे पाहिलेला तोच एक इसम होता. ते पत्र मी वाचले आहे. त्यात विशेषण एकही नाही, आणि तिच्याविषयी याहून अधिक सांगणारे पत्र दुसऱ्या कोणी लिहिले नसते.

तिसरी गोष्ट मुलाखतीची, आणि आमच्या मुलांना सर्वांत जास्त भय तिचेच वाटते. येथेही इतिहास आपल्याला काही शिकवतो. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. त्यांचे वडील व चुलते दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, उमेदवार स्त्री आहे या कारणास्तव, तो अर्ज नामंजूर केला. कमलाबाई स्वतः बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारले. प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नव्हती. वर्षाअखेर त्यांच्या कामानेच त्या अटी गळून पडल्या, आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही खुले झाले. 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या, कमला सोहोनी या नावाने जीवरसायनशास्त्रात कीर्ती पावल्या, आणि नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावरील त्यांचे काम कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या उपयोगी पडले. शांतपणे समोर उभे राहून प्रश्न विचारणे हाही मुलाखतीचा एक प्रकार होय, आणि तो एका मराठी मुलीने नव्वद वर्षांपूर्वी यशस्वी करून दाखवला आहे.

आजची मुलाखत इतकी कठोर नसते, परंतु तिची रीत न कळल्याने आमची मुले तेथे मूक होतात. शास्त्रज्ञ प्रथम उमेदवारालाच सांगतात की तुम्ही केलेल्या कामाविषयी बोला. मग ते एकेक पायरी खाली उतरतात: ही पद्धत का निवडली, तुलनेसाठी कोणता निरोगी नमुना ठेवला, निकाल उलटा आला असता तर काय मानले असते, आणि हेच शंभर रुपयांत करायचे झाल्यास कसे कराल. अशा प्रश्नांची मालिका अशा ठिकाणी येऊन थांबते की जेथे उमेदवाराला उत्तर येत नाही, आणि ती तेथे यावी हाच तिचा हेतू असतो. आमचा विद्यार्थी आयुष्यभर तोंडी परीक्षेला बसलेला असतो. उत्तर न येणे म्हणजे नापास होणे हे त्याच्या मनावर इतके ठसलेले असते की त्या क्षणी तो खाली पाहतो, किंवा पाठ केलेला काहीतरी मजकूर म्हणून दाखवतो. "मला माहीत नाही, पण मी ते असे शोधून काढीन," हे एक वाक्य संशोधनाच्या मुलाखतीत शंभर पाठ उत्तरांहून मोलाचे ठरते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. एटापल्ली-भामरागडकडील मूल घरी माडिया बोलते, शाळेत मराठी शिकते, आणि महाविद्यालयात विज्ञानासाठी इंग्रजीला सामोरे जाते. तिसऱ्या भाषेत अडखळणाऱ्या त्या मुलाला पाहून समोरच्यांनी त्याची बुद्धीच अडखळते असे समजावे, यापरता अन्याय नाही. मी त्या मुलीची सराव मुलाखत प्रथम इंग्रजीत घेतली, आणि ती चौथ्या प्रश्नाला थांबली. तोच प्रश्न मी मराठीत विचारला, "पाच मिनिटांनंतरही नळी स्वच्छच राहिली तर?" आणि क्षणाचाही विलंब न लावता तिने उत्तर दिले, "तर आधी त्या बाईचं हिमोग्लोबिन बघायचं, सर, मगच नळीवर विश्वास ठेवायचा." विचार पूर्ण होता, त्याला इंग्रजीचा सदरा घालणे एवढेच शिल्लक होते, आणि ते काम सहा आठवड्यांच्या रोजच्या सरावाने बव्हंशी झाले.

आता कोणी विचारील की चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यभागात या साऱ्या खटाटोपाची एवढी निकड ती काय. मला वाटते, महाराष्ट्रात ती कोठे असेल तर येथेच आहे. 1958 साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हापासून या प्रदेशाचे रक्त वैज्ञानिकांच्या काचपट्टीवर आहे. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. दोन गावांतील 650 स्त्रियांच्या तपासणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांनी ग्रासलेले आढळले, हे राणीताईंनी 1989 मध्ये त्याच 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले. गावातीलच आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची शुश्रूषा केली असता, 39 गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी सुमारे 62 टक्क्यांनी घटले, हा 1999 चा निबंध तर पुढे अनेक देशांच्या आरोग्यधोरणाचा आधार झाला. हिवतापाचे ओझे राज्यात वर्षानुवर्षे वाहणाऱ्यांत गडचिरोली अग्रभागी राहिली आहे. चंद्रपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तविकारांचे संशोधन, उपचार व नियंत्रण करणारे केंद्र 11 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्रार्पण झाले, आणि 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. आमच्या गावांची नावे, आमच्या स्त्रियांची दुखणी, आमच्या बालकांचे श्वास जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले आहेत. ज्यांच्या रक्ताने हे वाङ्मय लिहिले गेले त्यांच्या लेकरांनी त्याचे लेखकही व्हावे, ही अपेक्षा न्याय्यच आहे. त्या 39 गावांत घड्याळ हाती धरून बाळाचे श्वास मोजणाऱ्या आरोग्यदूतीने संशोधनाचे निम्मे काम केलेच होते. तिच्या मुलीने उरलेले निम्मे करावे.

असे घडू शकते याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. कुरखेडा तालुक्यातील चिरचाडी गावचे डॉ. भास्कर हलामी यांनी बालपणी पावसाळ्यात घरात धान्य नसताना मोहफुले शिजवून खाल्ल्याचे स्वतः सांगितले आहे. कसनसूरची आश्रमशाळा, शिष्यवृत्ती परीक्षेनंतर केळापूरचे शासकीय विद्यानिकेतन, गडचिरोलीत बी.एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेतून रसायनशास्त्रात एम.एस्सी., 2003 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन, आणि त्यानंतर अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा मार्ग. आर.एन.ए.वर आधारित औषधांच्या संशोधनात मेरीलँडमधील एका कंपनीत ते वरिष्ठ शास्त्रज्ञ झाल्याची वार्ता 2022 मध्ये देशभर छापून आली, तेव्हा आम्हा सर्वांचा ऊर भरून आला. परंतु त्या अभिमानात एक धोका दडलेला आहे, तो हा की एक हलामी पोहोचले म्हणून वाट आहेच, असे मानून आपण स्वस्थ बसू. एकट्या माणसाने अपार कष्टाने जंगलातून काढलेली पाऊलवाट आणि गावाने बांधलेला रस्ता यांत फरक असतो, हे पर्लकोटा नदीला पूर आला की ज्यांचा जगाशी संपर्क तुटतो त्या भामरागडकरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

घरच्या माणसांचे म्हणणेही मी ऐकून घेतले आहे, आणि ते मला तुच्छ वाटत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्षाचा खर्च भागवणाऱ्या बापाला पोलीस भरती, तलाठी भरती, शिक्षक भरती समजते. पाच-सहा वर्षे पुन्हा शिकणे म्हणजे काय हे समजत नाही. त्याला सांगितले पाहिजे की नेट उत्तीर्ण होऊन शिष्यवृत्ती मिळालेल्या संशोधकास 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 रुपये मिळतात, म्हणजे ही शिक्षणाची उधारी नसून चरितार्थाची नोकरी आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासन दरवर्षी 750 संशोधन शिष्यवृत्त्या देते आणि परदेशी शिक्षणासाठी 20, हे त्याला कळले पाहिजे. अमेरिकन विद्यापीठांचे अर्ज शुल्क प्रत्येकी पाऊणशे-शंभर डॉलर असते; सहा ठिकाणी अर्ज केल्यास चाळीस-पन्नास हजार रुपये जातात, आणि केवळ तेवढ्यासाठी कितीतरी मुले त्या वाटेला जात नाहीत. आपली आर्थिक स्थिती कळवून विनंती केल्यास अनेक विद्यापीठे हे शुल्क माफ करतात. एका ओळीच्या त्या विनंतीचा मसुदा आमच्या एकाही महाविद्यालयाच्या भिंतीवर मी पाहिलेला नाही.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. या दोन जिल्ह्यांतील, 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न असलेल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने जुलैपासून डिसेंबरपर्यंत आठवड्यातून दोन दुपारी एक खोली आणि एक जबाबदार शिक्षक या कामासाठी राखून ठेवावा. तेथे निवेदने वाचली जावीत, सराव मुलाखती व्हाव्यात, मुदतींचा तक्ता भिंतीवर असावा. प्राध्यापकांनी शिफारसपत्र लिहिताना, प्रत्यक्ष पाहिलेला एक तरी प्रसंग लिहिल्याशिवाय सही करू नये, आणि तसा प्रसंग आठवत नसेल तर प्रयोगशाळेत त्या विद्यार्थ्याजवळ अधिक वेळ उभे राहावे. मुलाखत घेणाऱ्या संस्थांनी, इंग्रजीत अडलेल्या उमेदवारास मराठीत वा हिंदीत बोलण्याची मुभा द्यावी, आणि महाविद्यालयाच्या अपरिचित नावावरून उमेदवाराचे मोल ठरवू नये. आणि पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत, बॉस्टनमध्ये प्रयोगशाळांत काम करणाऱ्या मराठी संशोधकांना माझी विनंती आहे की आपण प्रत्येकाने वर्षातून एका अनोळखी विद्यार्थ्याचा अर्ज वाचावा आणि त्याची एक तासाची सराव मुलाखत घ्यावी. आपण स्वतः आत गेलात तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी हे केलेलेच होते.

त्या विद्यार्थिनीचा अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी गेला, आणि मुलाखतीचे बोलावणे आले आहे. तिची निवड होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ती तेथे नळीविषयी बोलेल, आणि समोरच्यांना तिचे म्हणणे ऐकावे लागेल. तिच्या मागून येणाऱ्या मुलामुलींच्या फाईली मात्र अजून दाखल्यांनीच भरलेल्या आहेत. यंदाच्या जुलैत त्यांपैकी एक तुमच्या दारी आली, तर ती परत पाठवू नका. बसवून घ्या, आणि त्या मुलाला विचारा की तू स्वतःच्या हाताने काय केलेस.